गोळी कधी झाडायची? सैनिकाच्या खिशातल्या कार्डाची गोष्ट

२३ ऑक्टोबर १९८३, बैरुत. विमानतळाजवळच्या अमेरिकन मरीन छावणीत रविवारची सकाळ होती. सहा वाजून बावीस मिनिटं झाली होती आणि बहुतेक जण झोपेत होते. एक मोठा ट्रक वाहनतळाला वळसा घालून आला आणि काटेरी तारा तोडून सुसाट आत शिरला. पहाऱ्यावरच्या सैनिकाकडे रायफल होती, पण तिला मॅगझिन लावलेलं नव्हतं. तसाच हुकूम होता. त्याने मॅगझिन चढवलं, गोळी चेंबरमध्ये घेतली, रायफल खांद्याला लावून नेम धरला. तोवर ट्रक इमारतीत घुसला होता. त्या स्फोटात २४१ अमेरिकन सैनिक मारले गेले.

मॅगझिन न लावण्याचा हुकूम मूर्खपणाने दिलेला नव्हता. हे सैनिक लेबनॉनमध्ये शांतता राखायला गेले होते. गजबजलेल्या शहरात चुकून सुटलेल्या एका गोळीने निरपराध माणूस मेला असता, तर ज्यासाठी आलो तेच बुडालं असतं. म्हणून प्रत्येकाच्या खिशात एक पांढरं कार्ड दिलेलं होतं. गोळी कधी झाडायची, आधी कोणाला विचारायचं, बंदूक कोणत्या अवस्थेत ठेवायची, हे त्यावर थोडक्यात छापलेलं होतं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये बैरुतमधल्या अमेरिकन दूतावासावर गाडीबॉम्बचा हल्ला झाला, तेव्हा दूतावासाच्या रक्षणावर नेमलेल्या मरीन सैनिकांना वेगळं, निळं कार्ड मिळालं. अडथळा न जुमानता अंगावर येणारी गाडी हाच हल्ला समजायची मोकळीक त्या कार्डात होती. विमानतळावरच्यांच्या खिशात मात्र पांढरं कार्डच राहिलं. एकच शहर, एकच दल आणि दोन कार्डं. पुढे अमेरिकेने नेमलेल्या चौकशी आयोगाने नेमकं यावरच बोट ठेवलं.

या कार्डावर जे लिहिलेलं असतं त्याला लष्करी भाषेत ‘रूल्स ऑफ एंगेजमेंट’ म्हणतात, थोडक्यात आरओई. आपण त्यांना शस्त्र चालवण्याचे नियम म्हणू. युद्धाच्या आंतरराष्ट्रीय कायद्याशी त्यांची गल्लत होते, म्हणून फरक आधीच सांगतो. शेताची हद्द मोजणीने ठरते, पण हद्दीच्या आत नांगर कुठपर्यंत घालायचा हे मालक ठरवतो. कायदा ही हद्द आहे. आरओई म्हणजे सरकारने त्या हद्दीच्या आत स्वतः आखलेली रेघ. ती कधी राजकारणासाठी आखलेली असते, कधी मित्रदेश दुखावू नये म्हणून, तर कधी युद्ध भडकू नये म्हणून. मोहिमेगणिक ती पुढेमागे सरकते. हद्द ओलांडायची परवानगी मात्र ती देऊ शकत नाही.

या सगळ्यात एक गोष्ट वेगळी उभी असते, ती म्हणजे स्वसंरक्षण. मोहिमेचे नियम कितीही आवळलेले असले, तरी जीव वाचवण्याचा हक्क शिल्लक राहतो, असं बहुतेक सगळी सैन्यं आपल्या सैनिकांना सांगतात. मग अडचण कुठे येते? हा हक्क नेमका कोणाचा? एकट्या सैनिकाचा, तुकडीचा की राष्ट्राचा? आणि तो सुरू कधी होतो? समोरच्याने गोळी झाडल्यावर, बंदूक उचलल्यावर, की त्याची चाल संशयास्पद वाटल्यावर? मी यावर जितकं वाचलं तितकं मला वाटत गेलं की खरा प्रश्न संशयाचं ओझं कोणी वाहायचं हा आहे. थांबलात तर चुकीची किंमत तुमचा सैनिक देणार. झाडलीत तर ती किंमत समोरचा अनोळखी माणूस देणार. हे ओझं प्रत्येक देश वेगळ्या प्रमाणात वाटतो, आणि ते प्रमाण बहुधा त्याच्या एखाद्या जुन्या जखमेने ठरवलेलं असतं.

अमेरिकेचंच पाहू. बैरुतनंतर चार वर्षंही झाली नव्हती. १७ मे १९८७ रोजी इराणच्या आखातात ‘यूएसएस स्टार्क’ या युद्धनौकेवर इराकी विमानाने दोन एक्झोसे क्षेपणास्त्रं डागली. विमान नौकेच्या रडारवर दिसत होतं. पण इराक तेव्हा अमेरिकेला शत्रू वाटत नव्हता, आणि नौकेने शस्त्र उचललं नाही. ३७ खलाशी गेले. नियमांनी कप्तानाचे हात बांधलेले नव्हते, स्वतःचा बचाव करायची मुभा त्याला होती. म्हणूनच त्याच्यावर ठपका आला, आणि आखातातल्या प्रत्येक कप्तानाला एकच निरोप पोहोचला: पहिला घाव सोसायची वाट बघू नका.

चौदा महिन्यांच्या आत, ३ जुलै १९८८ रोजी, त्याच पाण्यात ‘यूएसएस व्हिन्सेन्स’ इराणी नौकांशी लढत होती. बंदर अब्बासच्या विमानतळावरून एक विमान उडालं. हा विमानतळ नागरी आणि लष्करी दोन्ही कामांना वापरला जात असे. विमान नौकेच्या दिशेने येत होतं. बरेचसे इशारे लष्करी फ्रिक्वेन्सीवर दिले गेले, आणि ती प्रवासी विमानाला ऐकूच येत नाही. ते एफ-१४ हे लढाऊ विमान आहे आणि खाली झेपावतं आहे, असा नौकेवर समज झाला. नौकेच्या स्वतःच्या यंत्रांत मात्र ते वर चढत असल्याची नोंद होती. क्षेपणास्त्रं सुटली. ते दुबईला निघालेलं इराण एअरचं ६५५ क्रमांकाचं विमान होतं. त्यातले सर्व २९० जण मरण पावले. त्यांत ६६ मुलं होती, दहा भारतीयही होते.

या दोन घटना मी मुद्दाम शेजारी ठेवतो. पहिल्या कप्तानाने संशयाचा फायदा समोरच्याला दिला आणि आपली माणसं गमावली. दुसऱ्याने तो स्वतःकडे ठेवला आणि २९० प्रवासी गेले. नियमाच्या शब्दांत तेवढा बदल झाला नव्हता, बदललं होतं ते मनातलं वजन. छापील कार्ड वाचून सैन्य कळत नाही ते याच कारणाने. कार्डाच्या आधी कोणती बातमी त्या सैनिकाच्या कानावर पडली आहे, हेही पाहावं लागतं.

आजही अमेरिकेच्या स्थायी नियमांत स्वसंरक्षण हा तुकडीच्या प्रमुखाचा हक्क आहे आणि कर्तव्यही आहे. समोरच्याने हल्ला केला किंवा हल्ल्याचा इरादा दाखवला, की प्रमुखाने तुकडीचा बचाव केलाच पाहिजे. इरादा हा शब्द इथे फार महत्त्वाचा. धोका नजीकचा असावा असं हे नियम म्हणतात, पण नजीकचा म्हणजे आत्ता या क्षणीचाच असला पाहिजे असं नाही, हेही त्यांतच सांगून टाकतात. एवढ्याशा वाक्याने सैनिकाची वेळेची खिडकी किती रुंद होते पाहा.

ही खिडकी किती रुंद असावी, यावरचा वाद दोनशे वर्षांच्या आसपास जुना आहे. डिसेंबर १८३७ मध्ये नायगारा नदीवर अमेरिकन किनाऱ्याला ‘कॅरोलाइन’ नावाची छोटी वाफनौका उभी होती. कॅनडातल्या ब्रिटिशविरोधी बंडखोरांना ती रसद पुरवत असे. ब्रिटिशांनी रात्री नदी ओलांडली, नौका पेटवली आणि प्रवाहात सोडून दिली. आम्ही स्वसंरक्षण केलं, असं ते म्हणाले. त्यावर अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डॅनियल वेबस्टर यांनी दिलेली कसोटी आजही उद्धृत होते. त्यांच्या मते गरज तत्काळ आणि अनिवार असावी, दुसरं साधन निवडायला वाव नसावा आणि विचार करायला क्षणभरही उसंत नसावी. ही मोठी कडक कसोटी तेव्हा अमेरिकेने ब्रिटनसमोर ठेवली. नंतरच्या काळात ब्रिटिश सैनिकाचे नियम त्या कसोटीच्या जास्त जवळ राहिले आणि अमेरिकन सैनिकाचे लांब गेले.

ब्रिटिश सैनिक सैल का राहू शकला नाही याचं उत्तर उत्तर आयर्लंडमध्ये सापडतं. तिथे त्याच्या खिशात पिवळं कार्ड होतं. समोरचा माणूस जिवाला धोका होईल असं काही करत असेल किंवा करण्याच्या बेतात असेल, आणि ते थांबवायला दुसरा मार्ग नसेल, तरच गोळी झाडायची, असा त्याचा मथितार्थ. ते कार्ड खिशात असूनही ३० जानेवारी १९७२ रोजी डेरी शहरात सैनिकांनी मोर्चातल्या तेरा जणांना ठार केलं. जखमींपैकी एक जण नंतर गेला. गोळ्या लागलेल्यांपैकी कोणापासूनही धोका नव्हता, हा सॅव्हिल चौकशीचा निष्कर्ष यायला २०१० साल उजाडलं.

ब्रिटिश पद्धतीचा गाभा असा, की गणवेश चढवल्याने सैनिकाला जादा हक्क मिळत नाही. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवायला वाजवी बळ वापरण्याचा जो हक्क रस्त्यावरच्या नागरिकाला आहे, तोच त्याला. क्लेग खटल्यात ही गोष्ट अगदी गोळी मोजून तपासली गेली. १९९० साली बेलफास्टजवळच्या नाक्यावर एक चोरीची गाडी न थांबता भरधाव आली. क्लेग या पॅराशूट सैनिकाने चार गोळ्या झाडल्या. पहिल्या तीन गाडी अंगावर येत असताना, चौथी गाडी पुढे निघून गेल्यावर. पहिल्या तीन न्यायालयाने बचावात धरल्या. चौथीच्या वेळी धोका टळलेला होता, म्हणून त्याला खुनाची शिक्षा झाली. पुढे फेरखटल्यात, १९९९ साली, तो त्या आरोपातून सुटला. पण तीन आणि चार यांच्यामधलं ते सेकंदभराचं अंतर ब्रिटिश सैन्याच्या मनात कायमचं बसलं असणार. अमेरिकन प्रमुखाला नियम सांगतो की बचाव करणं तुझं कर्तव्य आहे. ब्रिटिश सैनिकाला कायदा सांगतो की प्रत्येक गोळीचा हिशेब तुला एकट्याला द्यावा लागेल.

आता असे वेगवेगळे सैनिक एकाच मोहिमेवर आले तर? अफगाणिस्तानात नेमकं तेच झालं. नाटोचे मोहिमेसाठीचे नियम सामाईक होते, पण स्वसंरक्षणाचा अर्थ ज्याने त्याने आपल्या देशाच्या कायद्याप्रमाणे लावायचा होता. शिवाय प्रत्येक देशाने स्वतःच्या अटी वर जोडल्या होत्या. एकाच नाक्यावर शेजारी उभ्या असलेल्या दोन सैनिकांना एकच दृश्य दिसायचं, आणि एकाला जे करता यायचं ते दुसऱ्याला करता येत नसे.

जर्मनीचं उदाहरण यात सगळ्यांत बोलकं आहे. दुसऱ्या महायुद्धाचा भार वाहणारा हा देश आपण युद्धात आहोत हे म्हणायलाच तयार नव्हता. त्याच्या सैनिकांच्या खिशातलं कार्ड जवळजवळ पोलिसांच्या नियमांसारखं होतं. गोळी झाडण्यापूर्वी इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत मोठ्याने इशारा द्यायचा, आणि पळून जाणाऱ्या हल्लेखोरावर झाडायची नाही. अंगावर गोळ्या येत असताना हे कसं पाळायचं, असं सैनिक विचारत होते. २००९ च्या उन्हाळ्यात कार्ड बदलून सैल केलं गेलं.

त्यानंतर थोड्याच काळात, ४ सप्टेंबर २००९ च्या रात्री, तालिबानने पळवलेले इंधनाचे दोन टँकर कुंदुझ नदीच्या वाळूत रुतले. ते आपल्या तळावर आदळवले जातील अशी भीती जर्मन कमांडर गेओर्ग क्लाइन यांना वाटली. अमेरिकन विमानं मागवताना त्यांच्या बाजूने असं सांगितलं गेलं, की आमचे सैनिक शत्रूशी भिडलेले आहेत. तिथे तसा एकही सैनिक नव्हता. वैमानिकांनी विचारलं, आधी खालून घिरट्या घालून लोकांना पांगवू का? उत्तर नाही असं आलं. बॉम्ब पडले तेव्हा टँकरभोवती फुकटचं इंधन भरून न्यायला आलेले गावकरीही होते. मृतांचे आकडे वेगवेगळे सांगितले जातात, पण त्यांत अनेक नागरिक होते यावर वाद नाही. जर्मन अभियोक्त्यांनी क्लाइन यांच्यावर खटला भरला नाही, आणि २०२१ मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने जर्मनीचा तपास पुरेसा ठरवला. मला या प्रकरणात सर्वांत अस्वस्थ करते ती ‘भिडलेले आहेत’ ही दोन शब्दांची नोंद. स्वसंरक्षणाचं दार उघडतं ते अशाच नेमक्या शब्दांनी, आणि ते शब्द खरे आहेत का हे विमानातल्या माणसाला तपासता येत नाही.

जपानने याहून टोकाची वाट धरली. २००४ ते २००६ या काळात त्याचे सुमारे सहाशे सैनिक इराकमधल्या समावामध्ये पाणी आणि रस्त्यांची कामं करत होते. शस्त्र वापरण्याची त्यांची मुभा जपानच्या साध्या दंडसंहितेतल्या स्वसंरक्षणाच्या कलमांना बांधलेली होती. स्वतःचा आणि आपल्या ताब्यातल्या माणसांचा जीव वाचवायचा, बस. शेजारच्या मित्रदेशाच्या तुकडीवर हल्ला झाला, तर धावून जायची परवानगी नव्हती. त्या भागाची सुरक्षा आधी डच आणि नंतर ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन सैन्याने सांभाळली. जपानी सैनिकांनी एकही गोळी न झाडता मोहीम संपवली. दुसऱ्याच्या मदतीला धावण्याची मुभा २०१५ च्या कायद्याने आली, आणि ती पहिल्यांदा दक्षिण सुदानमधल्या तुकडीला मिळाली.

फक्त आपलाच बचाव करायचा, हे ऐकायला सात्त्विक वाटतं. रवांडाने त्याची दुसरी बाजू दाखवली. तिथल्या संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचे प्रमुख, जनरल रोमिओ डॅलेअर यांनी नियमांच्या मसुद्यात मानवतेविरुद्धचे गुन्हे थांबवण्यासाठी बळ वापरण्याचं कलम घातलं होतं. न्यूयॉर्कहून त्याला रीतसर मंजुरी मिळालीच नाही. जानेवारी १९९४ मध्ये शस्त्रसाठे जप्त करू का, असं त्यांनी विचारलं, तर नकार आला. एप्रिलमध्ये कत्तल सुरू झाली. पुढच्या शंभर दिवसांत सुमारे आठ लाख माणसं मारली गेली.

आपल्याकडे या विषयावर बोलताना बहुतेकांना गलवान आठवतं, आणि तो प्रश्नही तेव्हा घराघरात विचारला गेला: हातात बंदुका असताना आपल्या जवानांनी गोळ्या का झाडल्या नाहीत? १५ जून २०२० च्या रात्री दगड, दांडके आणि खिळे ठोकलेल्या काठ्यांनी झालेल्या त्या चकमकीत कर्नल संतोष बाबू यांच्यासह २० भारतीय सैनिक शहीद झाले. सैनिकांजवळ शस्त्रं होती आणि जुन्या प्रथेमुळे ती वापरली गेली नाहीत, असं परराष्ट्रमंत्री जयशंकर यांनी सांगितलं. या प्रथेचा आधार म्हणजे भारत-चीन यांच्यातला नोव्हेंबर १९९६ चा करार. प्रत्यक्ष ताबारेषेपासून दोन किलोमीटरच्या आत कोणीही गोळीबार करायचा नाही, सुरुंग फोडायचे नाहीत, इतकंच काय, बंदुकीने शिकारही करायची नाही, असं त्यात लिहिलं आहे. इथे ओझ्याची वाटणी दोन राष्ट्रांनी मिळून केली होती. एका गोळीतून युद्ध पेटू नये म्हणून दोघांनीही आपापल्या सैनिकाच्या अंगावर जादा धोका घेतला. १९७५ मध्ये तुलुंग ला इथे आसाम रायफल्सचे चार जवान मारले गेले, त्यानंतर ४५ वर्षं त्या रेषेवर गोळी झाडली गेली नव्हती, याचं श्रेय या संयमालाही आहे. मला हा करार कमकुवतपणा वाटत नाही. पण एका बाजूने खिळ्यांच्या काठ्या घेऊन यायचं ठरवलं, की गोळी न झाडण्याच्या वचनाला काय उरतं, हा प्रश्न त्या रात्रीनंतर टाळता येत नाही. गलवाननंतर स्थानिक कमांडरांना परिस्थितीनुसार निर्णय घ्यायची मोकळीक दिल्याच्या बातम्या आल्या. सप्टेंबर २०२० मध्ये पँगाँगच्या दक्षिणेला हवेत गोळ्या झाडल्या गेल्या.

देशाच्या आत चित्र वेगळं आहे. सामान्य भारतीयाला भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांत खासगी बचावाचा हक्क आहे, आणि तो गरजेपुरताच आहे. अशांत घोषित झालेल्या भागात सैन्याला त्यापलीकडे अफ्स्पा हा १९५८ चा कायदा अधिकार देतो. आवश्यक वाटेल तसा इशारा देऊन, शस्त्रबंदी किंवा जमावबंदी मोडणाऱ्यावर जीव जाईल इतपत बळ वापरता येतं. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये हा कायदा वैध ठरवला. त्याच वेळी, सैन्याने स्वतः तयार केलेली ‘करा आणि करू नका’ ही सूचनावली पाळणं बंधनकारक आहे, असंही सांगितलं. म्हणजे खिशातल्या कार्डाला न्यायालयाने कायद्याचं वजन दिलं.

त्या वजनाची परीक्षा ४ डिसेंबर २०२१ रोजी नागालँडच्या ओटिंग गावाजवळ झाली. कोळसा खाणीतले मजूर पिकअप गाडीतून घरी परतत होते. बंडखोर समजून त्यांच्यावर गोळीबार झाला आणि सहा जण मेले. नंतर संतापलेल्या गावकऱ्यांशी झालेल्या झटापटीत आणखी नागरिक मारले गेले, एक जवानही मरण पावला. ठरलेली कार्यपद्धती आणि आरओई पाळले गेले नाहीत, असं राज्य पोलिसांच्या तपासाने म्हटलं आणि ३० सैनिकांवर आरोपपत्र ठेवलं. अफ्स्पाखाली खटल्याला केंद्राची पूर्वमंजुरी लागते, ती नाकारली गेली. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फौजदारी कार्यवाही बंद केली, आणि लष्कराला शिस्तभंगाची कारवाई करायची मुभा ठेवली. बेलफास्टच्या नाक्यावरची चौथी गोळी न्यायालयात मोजली गेली. ओटिंगमधल्या गोळ्यांवर खटला उभाच राहिला नाही.

समुद्रावर आपण दोन्ही बाजूंना उभे राहिलो आहोत. नोव्हेंबर २००८ मध्ये एडनच्या आखातात ‘आयएनएस तबर’ या मुंबईच्या पश्चिम ताफ्यातल्या नौकेने एका जहाजाला थांबायला सांगितलं. त्यावरच्या सशस्त्र चाच्यांनी धमक्या दिल्या आणि गोळीबार केला, म्हणून तबरने स्वसंरक्षणात उत्तर दिलं, असं नौदलाने सांगितलं. ते जहाज बुडालं. नंतर कळलं की ते चाच्यांनी पळवलेलं थायलंडचं मच्छीमार जहाज होतं, आणि त्याचे खलाशी आतच होते. त्यांतला एक जण काही दिवसांनी समुद्रात तरंगताना जिवंत सापडला.

१५ फेब्रुवारी २०१२ रोजी केरळच्या किनाऱ्यापासून सुमारे वीस सागरी मैलांवर पारडं उलटं झालं. ‘एनरिका लेक्सी’ या इटालियन तेलवाहू जहाजावर रक्षणासाठी बसलेल्या दोन इटालियन नौसैनिकांना समोरून येणारी ‘सेंट अँटनी’ ही बोट चाच्यांची वाटली. इशारे देऊनही ती वळली नाही, असं त्यांचं म्हणणं. बोटीवर मासेमारी करून परतणारे लोक होते, त्यांतले दोघे गोळ्या लागून मेले. खटला कोणी चालवायचा यावर भारत आणि इटली आठ वर्षं भांडले. २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय लवादाने निकाल दिला, की नौसैनिक इटलीच्या सरकारी कामावर होते, म्हणून भारताला त्यांच्यावर खटला चालवता येणार नाही, पण भारताला भरपाई मिळायला हवी. इटलीने दहा कोटी रुपये दिले: दोन्ही कुटुंबांना चार-चार कोटी आणि बोटीच्या मालकाला दोन कोटी. रोममधला खटलाही २०२२ मध्ये बंद झाला. बोट चाच्यांची आहे असं त्या दोघांना खरंच वाटलं होतं का, आणि तसं वाटणं वाजवी होतं का, याचा निवाडा भारतातल्या कुठल्याच न्यायालयात झाला नाही.